‘गप्प बसा’ किती वेळा म्हणायचं?

वाचकांचे प्रश्न : पहिली ते तिसरीचा वर्ग

शाळा सुरू होऊन महिना उलटला. मुलांची नवलाई संपली आणि शिक्षकांची पत्रं येऊ लागली. या वेळच्या पत्रांत खानापूर, निपाणी, अथणी आणि बेळगाव तालुक्यातले शिक्षक आहेत. त्यांतल्या बहुतेकांकडे पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत बसते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे तिन्ही इयत्ता मिळून ३४ मुलं आहेत. वर्ग नलीकलीचा, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांतल्या ‘खेळत शिका’ पद्धतीचा. दिवसातून शंभरदा ‘गप्प बसा’ म्हणते. दोन मिनिटं शांत, की पुन्हा बाजार. संध्याकाळी घसा बसलेला असतो. काय करावं सांगा की. (शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर : बाई, उपायाआधी एक छोटं काम करा. दोन दिवस हजेरीपटाजवळ एक कागद ठेवा. गोंगाट वाढला की घड्याळातली वेळ आणि त्याआधीचं तुमचं वाक्य, एवढंच त्यावर लिहा. ‘पाट्या काढा’, ‘गट बदला’, ‘कार्डं जागेवर ठेवा’, ‘हात धुवायला चला’, कागद बहुधा अशाच वाक्यांनी भरेल. मुलं कामात असतात तेव्हा वर्ग सहसा सुटत नाही. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना सुटतो.

जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गांचं चित्रीकरण करून १९७० साली हेच मांडलं होतं. मुलं बिघडल्यावर शिक्षक काय करतात, यावरून शांत वर्ग आणि विस्कटलेला वर्ग वेगळा ओळखता येईना. फरक सापडला तो आधीच्या गोष्टींत : शिक्षकाची नजर सगळ्या खोलीवर आहे का, कामं बदलताना ओघ तुटतो का, हाताला काम नसलेली मुलं किती वेळ तशीच राहतात. तेव्हा ‘गप्प बसा’ला जोर आणण्याच्या भानगडीत पडू नका, बदलाची वेळ आवरा.

नलीकलीत अशा वेळा जास्त असतात, हेही लक्षात घ्या. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ही पद्धत सुरू झाली, ती मुलानं आपल्या गतीनं, हातात कार्ड घेऊन, जागा बदलत शिकावं म्हणूनच. शिडीवर, म्हणजे भिंतीवरच्या टप्प्यांच्या तक्त्यावर, आपला टप्पा बघायचा, कार्ड घ्यायचं, त्या खुणेच्या तबकापाशी बसायचं. पाच तबकं म्हणजे पाच गट, आणि त्यांतल्या एकाच गटाला तुमची पूर्ण मदत. अशा वर्गात हाताची घडी-तोंडावर बोट चालणार नाही. गुणगुण राहणारच. ती कामाची आहे का, तेवढं बघायचं.

आता खूण. लक्ष वेधायला एकच खूण ठरवा आणि वर्षभर ती बदलू नका. भजनाचे टाळ सगळ्यांत सोयीचे. एक ठोका दिला की नाद काही क्षण रेंगाळतो आणि तो विरेपर्यंत थांबायला मुलांना अवधी मिळतो. टाळी किंवा डस्टर आपटणं यात तो अवधी नसतो. शिवाय डस्टरच्या आवाजाला रागाचा वास येतो.

ही खूण पाढ्यांसारखी शिकवावी लागते. पहिल्या दिवशी दहा मिनिटं त्यासाठीच काढा. ठोका वाजला की तीन गोष्टी : हात थांबतो, तोंड थांबतं, डोळे बाईंकडे. आधी तुम्ही स्वतः करून दाखवा. पाटीवर लिहीत बसा, एका मुलाला टाळ वाजवायला सांगा आणि थांबा. मग चुकीचं करून दाखवा, ठोका वाजला तरी लिहीत राहा. मुलं खदखदून हसतील आणि तुमची चूक सांगतील. चुकीचं दाखवायचं काम मुलाला मात्र देऊ नका, तो त्यात रंगतो आणि तेच पाठ होतं. पहिला आठवडाभर दिवसातून चार-पाचदा सराव घ्या. त्यांतल्या निम्म्या वेळा ठोक्यानंतर काही गंमत असू द्या : एक कोडं, गाण्याची ओळ, ‘बाहेर बघा, इंद्रधनुष्य’. ठोका म्हणजे नेहमी ‘आवरा’च, असं झालं की मुलं तो न ऐकल्यासारखं करू लागतात.

हे कुठे फसतं, तेही सांगतो. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे दुसरा ठोका. तो वाजवलात की पहिल्याची किंमत गेली आणि पुढच्या आठवड्यात पाच वाजवावे लागतील. दुसरी चूक म्हणजे निम्मा वर्ग शांत होताच बोलायला लागणं. नाद संपल्यावर मनात दहापर्यंत मोजा. तोवर तीन-चार मुलं बोलत असतील तर नाव न घेता त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहा. निम्म्याहून जास्त बोलत असतील तर वर्ग खूण विसरलाय. रागावून उपयोग नाही, उद्या पुन्हा पाच मिनिटं शिकवा.

शांतता झाली की सूचना. एका वेळी दोन, फार तर तीन गोष्टी, आणि हलायचा शब्द सगळ्यांत शेवटी. ‘उठा आणि पाट्या पिशवीत ठेवून रांगेत या’ असं म्हटलं की ‘उठा’ ऐकूनच ३४ मुलं उभी राहतात, पुढचं कुणाच्या कानात शिरत नाही. त्याऐवजी असं : ‘मी चला म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. पाटी पिशवीत. पिशवी भिंतीला. पहिल्या तबकाची मुलं आधी. चला.’ ‘चला’ म्हणण्याआधी एका मुलाकडून सूचना परत वदवून घ्या. त्यासाठी हुशार मूल निवडू नका, नेहमी चुकणारंही नको. मधलं कुणीतरी निवडा, म्हणजे वर्गाला किती कळलंय ते कळतं.

शिडीपाशी एका वेळी एकाच तबकाची मुलं, म्हणजे सहा-सात जण. कार्डं मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर ठेवा. घ्यायची जागा एका टोकाला आणि परत ठेवायची दुसऱ्या टोकाला असू द्या. घेणारे आणि ठेवणारे समोरासमोर आले की धक्काबुक्की ठरलेलीच. तुमची बैठक अशी हवी की पाठ भिंतीला आणि तोंड सगळ्या खोलीकडे. आपल्या मदतीच्या गटात मान घालून बसलात की पलीकडचा स्वयंशिक्षणाचा गट पाच मिनिटांत भलतंच काही शिकतो. सात-आठ मिनिटांनी एकदा उठा, खोलीला फेरी मारा आणि परत बसा.

या सगळ्याला दोन-अडीच आठवडे लागतात. दसऱ्याच्या सुट्टीनंतर दोन दिवस पुन्हा द्यावे लागतात. तेवढ्यात अभ्यास मागे पडतो अशी धास्ती असेल, तर रोज बदलाच्या वेळी किती मिनिटं वाया जातात ते मोजा. दिवसात सहा बदल आणि दर बदलाला पाच मिनिटं धरली, तरी अर्धा तास होतो.

प्रश्न : जुलै-ऑगस्टात आमच्याकडे पत्र्यावर पाऊस असा पडतो की माझं मलाच ऐकू येत नाही. अंधार, ओल्या छत्र्या, मुलं दारापाशी गोळा. त्या दोन महिन्यांत शिस्त राहतच नाही. (शिक्षक, खानापूरच्या पश्चिमेकडून)

उत्तर : गुरुजी, पत्र्याशी स्पर्धा करू नका. जोराचा पाऊस साधारण कोणत्या तासाला येईल हे सांगता येत नाही, म्हणून ‘पावसाचं काम’ जूनमध्येच तयार करून ठेवा. ज्याला तोंडी सूचना लागत नाही असं काम : चित्र बघून शब्द लिहिणं, बिया मोजून दहाचे गट, जोडीनं वाचन, कागदाच्या घड्या. एका पिशवीत प्रत्येक मुलापुरतं एकेक काम घालून पिशवी कपाटावर ठेवा. पाऊस सुरू झाला की पिशवी खाली.

टाळांचा नाद या पावसात पोचत नाही, तेव्हा पावसाळ्यापुरती दुसरी खूण शिकवा : तुम्ही हात वर केला की ज्याला दिसला त्यानं हात वर करायचा आणि शेजाऱ्याच्या खांद्याला स्पर्श करायचा. बसा, उभे राहा, जोडी, पाटी, थांबा, या पाच गोष्टींच्या हाताच्या खुणा ठरवून घ्या. मुलांना हा मुक्यांचा खेळ फार आवडतो. कधीकधी उघडीप असतानाही तीच भाषा वापरतात.

दारातला गोळा मात्र शिस्तीचा प्रश्न नाही, जागेचा आहे. छत्र्या आत आणल्या की पाणी गळतं, पाणी गळलं की मुलं उठतात. ओसरीवर सुंभाची दोरी बांधून छत्र्या आणि रेनकोट तिथंच टांगा, खाली चपलांसाठी खडूनं चौकटी आखा आणि दारात दोन जुनी पोती टाका. सकाळी पाच-पाच मुलांना आत घ्या. उजेड कमी असेल तर फळ्यावरचं लिखाण त्या दिवशी टाळा. दिसत नाही म्हणून मूल पुढं सरकतं आणि आपल्याला वाटतं, जागा सोडली.

प्रश्न : माध्यम मराठी, पण वर्गात घरी कन्नड बोलणारी सहा मुलं, दोन उर्दू बोलणारी, आणि मराठी मुलांचीही भाषा पुस्तकातली नाही. मी सांगते एक, होतं भलतंच. ही मुलं ऐकत नाहीत की त्यांना कळत नाही, तेच समजत नाही. (शिक्षिका, निपाणी)

उत्तर : ओळखायला सोपी चाचणी आहे. तीच सूचना तोंडानं न बोलता फक्त हातानं आणि वस्तू दाखवून द्या. मुलानं केली तर त्याला कळत नव्हतं. नाही केली तर पुढचा विचार. पहिलीत सप्टेंबरपर्यंत बहुतेक ‘न ऐकणं’ हे न कळणंच असतं.

वर्ग चालवायला सुरुवातीला आठ-दहा आज्ञाच लागतात : बसा, उभे राहा, या, थांबा, ऐका, बघा, काढा, ठेवा, रांग करा, हात धुवा. यांची चित्रं जाड पुठ्ठ्यावर काढून तारेला अडकवा. पहिला आठवडा सूचना चित्र दाखवून, हावभावासह मराठीत द्या आणि लगेच घरच्या भाषेत एकदा सांगा. घरच्या म्हणजे खरोखर घरच्या. आपल्या भागातल्या कन्नड घरात मुलाला ‘बस’ऐवजी ‘कुंद्रु’ म्हणतात, पुस्तकातलं ‘कुळितुको’ त्यालाही परकंच. तसंच मराठी घरातून आलेलं मूल ‘काय करूलालैस’ म्हणालं तर पहिल्या सत्रात ते सुधारत बसू नका. त्याचं म्हणणं समजून घ्या आणि उत्तर तुमच्या मराठीत द्या.

दुसऱ्या आठवड्यापासून भाषांतर बंद. मराठी वाक्य आणि चित्र, एवढंच. इथं बहुतेक शिक्षक चुकतात : दया येऊन वर्षभर दोन्ही भाषांत सांगत राहतात. मग मूल मराठी वाक्य सोडून देतं आणि आपल्या भाषेतलं येईपर्यंत खेळत बसतं. पण भाषांतर बंद करणं म्हणजे घरची भाषा बंद करणं नव्हे. कन्नड बोलणारं मूल आणि दोन्ही भाषा येणारं मूल अशी जोडी लावा. त्यांना आपसात हवं तसं बोलू द्या आणि जोड्या महिन्यानं बदला. एकच मूल कायमचा दुभाषी झालं की त्याचा अभ्यास बुडतो.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिका. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्ग मोजून बघितले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलं बोलू लागली. ज्याला ऐकलेलं आधी मनात आपल्या भाषेत फिरवून घ्यावं लागतं, त्याला पाच सेकंद द्या.

प्रश्न : चांगलं वागणाऱ्याला स्टार, महिन्याअखेर पेन्सिल, असा तक्ता लावलाय. पहिले पंधरा दिवस छान चाललं. आता त्याच पाच मुलांना स्टार मिळतात आणि बाकीच्यांनी नाद सोडलाय. (शिक्षक, बेळगाव तालुका)

उत्तर : तक्ता काढा. तो असाच संपतो. ज्यांना त्याची गरज नाही ती मुलं जिंकतात, आणि ज्यांच्यासाठी लावला त्यांची हार रोज भिंतीवर दिसते.

त्याऐवजी सगळ्या वर्गाची मिळून एक बरणी करा. काचेची नको, प्लास्टिकची. तिच्यावर रबरबँडनं खूण करा आणि चिंचोके घाला. एका वेळी एकच सवय धरा, उदाहरणार्थ ‘कार्डं जागेवर’. ठोक्यानंतर दोन मिनिटांत सगळी कार्डं जागेवर गेली की एक चिंचोका. पहिली खूण साधारण २० चिंचोक्यांवर असावी, म्हणजे आठवड्याभरात भरेल. सहा वर्षांच्या मुलाला महिना म्हणजे युग असतं. भरल्यावर खर्चाचं काही नको : झाडाखाली गोष्ट, दहा मिनिटं जास्त खेळ, बाईंच्या खुर्चीवर बसून वाचन. घातलेला चिंचोका कधीही परत काढायचा नाही. काढलात की ज्याच्यामुळे गेला त्याला वर्ग मधल्या सुट्टीत गाठतो.

कौतुक करताना कामाचं नाव घ्या. ‘शाब्बास, गुणी बाळ’ यातून मुलाला काही कळत नाही. ‘तू कार्ड ठेवताना मागच्याला वाट दिलीस’ यातून कळतं. सवय तीन आठवडे टिकली की तिच्यासाठी चिंचोके बंद करा आणि बरणी नव्या सवयीला लावा.

प्रश्न : दुसरीतला एक मुलगा रोज कुणाला तरी मारतो, पेन्सिली मोडतो. उभं केलं, कोपऱ्यात बसवलं, खेळायला सोडलं नाही. काही फरक नाही. (दोन पत्रं, अथणी आणि खानापूर)

उत्तर : पाच दिवस वहीत तीन रकाने करा : त्याआधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. तिसरा रकाना महत्त्वाचा. मारामारी जर लिखाणाच्याच वेळी होत असेल आणि त्यानंतर त्याला कोपऱ्यात बसवत असाल, तर लिखाण टळलं. त्याच्या दृष्टीनं कोपरा हे बक्षीस आहे. रांगेत होत असेल तर गर्दी हे कारण, त्याला रांगेत पहिला किंवा शेवटचा ठेवा. जेवणाआधीच्या तासाला होत असेल तर सकाळी काही खाऊन येतो का ते विचारा. आईवडील पहाटे शेतावर गेले की कितीतरी मुलं चहावरच येतात.

डोळे आणि कान बघून घ्या. तो बेसावध असताना मागून चार-पाच पावलांवरून हळू आवाजात नाव घ्या, वळतो का बघा. मागच्या ओळीतून फळ्यावरचा शब्द वाचायला लावा. पावसाळ्यात सर्दीनं कान फुटलेली मुलं बरीच असतात, आणि न ऐकू येणारं मूल हातानं बोलू लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या यादीत याचं नाव आधी घाला. शंका पक्की असेल तर पथकाची वाट न पाहता घरी सांगून आरोग्य केंद्रात दाखवायला लावा.

कारण लिखाण असेल तर काम तोडा. दहा शब्दांऐवजी तीन. पहिला शब्द त्याच्या शेजारी बसून लिहून घ्या, मग उठा. ‘बाकीचे दोन झाले की मला दाखव’ एवढंच सांगा आणि खरोखर बघायला या.

मारलं तर त्या क्षणी काय करायचं? मधे उभे राहा. आधी ज्याला लागलं त्याच्याकडे बघा. मारणाऱ्याकडे आधी धावलात तर सगळा वर्ग त्याच्याकडे बघतो आणि ते त्याला हवंच असतं. मग शांतपणे, एका वाक्यात : ‘मारायचं नाही. इथं माझ्याजवळ बस.’ पाच मिनिटं पुरतात. तासभर बसवलं की त्याला का बसवलंय तेच तो विसरतो. पाच मिनिटांनी ‘का मारलंस?’ विचारू नका, सात वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं. तो मान खाली घालेल किंवा खोटं बोलेल. ‘काय झालं?’ विचारा. पेन्सिल हवी होती असं निघालं तर ‘मला पण दे’, ‘आता माझी पाळी’ ही वाक्यं त्याच्याकडून तीन-चारदा मोठ्यानं म्हणवून घ्या. बऱ्याच मुलांकडे ही वाक्यंच नसतात. आणि खेळाचा तास कापू नका. ज्याला हालचालीची सगळ्यांत जास्त गरज, त्याचीच आपण बंद करतो.

जोडीला दहा दिवस, रोज दोन मिनिटं त्याच्याशी अभ्यास आणि वागणं सोडून काहीही बोला. घरची म्हैस, मामाचा ट्रॅक्टर, कालचा क्रिकेटचा डाव. हा उपाय बाळबोध वाटतो, पण तो वगळलात तर वरचं बाकी सगळं लंगडं पडतं.

एक इशारा. पहिले तीन-चार दिवस त्याचं वागणं बहुधा आणखी बिघडेल. जुनी युक्ती चालेना झाली की मूल तीच जोरात करून बघतं. इथंच हात टेकून कोपऱ्यावर परत आलात, तर ‘जोरात केलं की जमतं’ हा धडा तो शिकतो. दोन आठवडे धरून राहा. त्यानंतरही रोज कुणाला लागत असेल, किंवा तो स्वतःला इजा करत असेल, तर सीआरपींना, म्हणजे तुमच्या शाळा-समूहाच्या साधनव्यक्तींना, लेखी कळवा आणि तुमच्या नोंदींची वही पुढं ठेवा. त्या वहीमुळे पुढची मदत मिळणं बरंच सोपं जातं.

प्रश्न : पालकच येऊन सांगतात, ‘बाई, दोन ठेवून द्या बघा, आमची काही हरकत नाही.’ मग?

उत्तर : हरकत कायद्याची आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. ती मोडणारा शिक्षक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र होतो. पालकांच्या होकारानं त्यात सूट मिळत नाही. कोंबडा करणं, ओणवं उभं करणं, टोपणनावानं चिडवणं हेही त्यातच आलं. पालकांना मात्र परत पाठवू नका, त्यांना काम द्या : ‘मारणार नाही, पण तुम्ही रात्री नऊला टीव्ही-मोबाइल बंद करा आणि पंधरा दिवसांनी मला येऊन भेटा.’ कुणी आग्रह धरलाच तर विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत काढा. एकेकाशी वाद घालत बसण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : जेवणाची रांग आणि जेवणानंतरचा पहिला तास, दोन्ही हाताबाहेर. (बऱ्याच पत्रांत)

उत्तर : रांगेचा प्रश्न आधी गणितानं सोडवा. हात नीट धुवायला एका मुलाला २० सेकंद धरा. ३४ मुलं आणि एकच नळ असेल तर ११ मिनिटांहून जास्त, तीन नळ असतील तर साधारण चार मिनिटं. ११ मिनिटं भुकेलं मूल सरळ उभं राहत नाही, मोठी माणसंही राहत नाहीत. नळ वाढवता येत नसतील तर बादली, दोन तांबे आणि पाणी घालायला तिसरीतली दोन मुलं, अशी दुसरी जागा करा. सगळ्यांना एकदम उठवूच नका. एक तबक हात धुतं, दुसरं ताट घेतं, बाकीची जागेवर पाढे म्हणतात. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकीण ताईंशी आधी बोलून घ्या. वाढप दोन ठिकाणी झालं तर रांग निम्मी होते. पहिली आधी बसवा, त्यांना जेवायला वेळ लागतो. सगळ्यांत आधी जेवून उठणाऱ्यांसाठी काम ठरलेलं हवं, नाहीतर ओसरीवर पकडापकडी सुरू होते आणि ती दीडच्या तासापर्यंत पोचते.

जेवणानंतर लगेच पाटी-पेन्सिल काढू नका. माँटेसोरी पद्धतीतला शांततेचा खेळ पाच मिनिटं घ्या. दारं अर्धवट लोटा. मुलांना आरामात बसवून डोळे मिटायला सांगा आणि बाहेरचे आवाज मोजायला लावा : कावळा, भांडी, रस्त्यावरची बस. मिनिटभर पुरे. मग खोलीच्या टोकाला उभं राहून कुजबुजत्या आवाजात एकेकाचं नाव घ्या. ज्याचं नाव ऐकू येईल त्यानं पाय न वाजवता तुमच्यापर्यंत यायचं. ३४ नावं एका दिवशी घेऊ नका, सात-आठ घ्या आणि पुढची उद्या. हा खेळ शिक्षा म्हणून वापरलात, ‘फार दंगा झाला, आता शांततेचा खेळ’, की तो त्या दिवसापासून मेला. त्यानंतर गोष्ट किंवा मोठ्यानं वाचन, आणि मगच लिखाण.

प्रश्न : ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की नोव्हेंबरात पाच-सहा नवी मुलं येतात, फेब्रुवारी-मार्चला जातात. आली की बसलेली घडी मोडते. (शिक्षक, अथणी)

उत्तर : घडी मोडते, कारण तिचे नियम वर्गाला पाठ असतात, पण कुठं लिहिलेले नसतात. वर सांगितलेली आज्ञांची चित्रं इथं पुन्हा कामाला येतात. प्रत्येक नव्या मुलाला आठवडाभरासाठी एक सोबती द्या, शक्यतो थोडं मोठं आणि बोलकं मूल. त्यानं पाच जागा दाखवायच्या : पिशवी, कार्डं, पाणी, मोरी, ताट. दुसऱ्या दिवशी नव्यानं त्या जागा सोबत्याला दाखवायच्या. पहिले दोन दिवस इयत्तेची घाई करू नका. वय तिसरीचं आणि अक्षरओळख पहिलीची असं पुष्कळदा असतं. नलीकलीची शिडी इथं खरी उपयोगी पडते, ज्या टप्प्यावर मूल आहे तिथून ते चढतं. भावंडं एकत्र आली असतील तर आठवडाभर शेजारी बसू द्या, त्यांना वेगळं केल्यानं रडणं वाढतं.

थोडक्यात उत्तरं

मॉनिटरनं फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहावीत का? नको. पहिली-दुसरीतला मॉनिटर दोस्तांची नावं गाळतो आणि भांडलेल्यांची घालतो. मॉनिटरला वस्तूंचं काम द्या, माणसांचं नको : कार्डं मोजणं, खिडक्या लावणं, फळा पुसणं. काम दर सोमवारी बदला.

‘बाई, झालं!’ म्हणत पाच मुलं सारखी टेबलाशी येतात. लवकर संपवणाऱ्यांसाठी एक खोकं ठेवा : जुने अंक, चित्रकोडी, मोजायच्या बिया. पाटी पालथी ठेवायची आणि खोक्याकडे जायचं, तपासायला बाई जागेवर येतील. खोक्यातला माल दर पंधरवड्याला बदला, नाहीतर टेबलाशी परत गर्दी होईल.

एकीला एक गेला की दहा जण उठतात. दाराजवळच्या खिळ्याला लाकडी मण्यांच्या दोन माळा अडकवा, एक मुलींची, एक मुलांची. माळ खिळ्यावर असेल तर करंगळी दाखवून, न विचारता घेऊन जायचं. नसेल तर थांबायचं. पहिलीच्या मुलांना थांबायचा नियम लावू नका, त्यांना होतच नाही. माळ मोरीत पडते, म्हणून तिसरी जास्तीची कपाटात ठेवा.